सोय मागा, लेखी मागा

भोपाळमधल्या मराठी घरांत मूल स्वमग्न असल्याचं कळलं, की पुढच्या काही महिन्यांत तेच तेच प्रश्न उभे राहतात. घरी मराठी बोलणं बंद करायचं का? शाळेला सांगायचं की लपवायचं? सर्टिफिकेट काढलं तर मुलावर कायमचा शिक्का बसेल का? शाळा म्हणते शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, आणा, नाहीतर नाव काढून घ्या. मग काय करायचं? उत्तरं देणारे भरपूर भेटतात: शेजारी, नातेवाईक, फोनवर येणारे व्हिडिओ. त्यांच्या सल्ल्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही आणि पालक आणखी गोंधळतात.

स्वमग्नता हा बरा करायचा आजार नाही. तुमच्या मुलाचा मेंदू आवाज, उजेड, बोलणं, बदल या गोष्टी वेगळ्या तऱ्हेने घेतो आणि तो आयुष्यभर तसाच घेणार आहे. म्हणून रोज विचारायचा प्रश्न एवढाच: आज, या जागी, या मुलाला काय सोय करून दिली तर त्याला जमेल? खालचं सगळं मार्गदर्शन या प्रश्नाला धरून आहे.

शंका आली की काय करायचं

'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे बाबाही चार वर्षांचे झाल्यावर बोलले' हे ऐकून वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. खालचं काही दिसलं तर थांबू नका:

- वर्ष झालं तरी बोबडे आवाज नाहीत, बोट दाखवणं नाही, 'टाटा'सारखे हातवारे नाहीत
- सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही
- दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून बोलणं नाही
- येत असलेले शब्द किंवा हसणं-खेळणं कोणत्याही वयात नाहीसं झालं

सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या. नावाने हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाला ऐकू येतं की नाही, हे नक्की केल्याशिवाय पुढचं काहीच नीट ठरत नाही. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. भोपाळमध्ये सरकारी वाटा बऱ्याच आहेत: साकेत नगरचं एम्स, हमीदिया रुग्णालय, जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं जेपी. पिपलानीच्या बाजूला खजूरी कलां इथल्या पुनर्वास भवनात केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे, सगळे त्याला सीआरसी म्हणतात. जून २०२१मध्ये देशात चौदा ठिकाणी लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली, त्यांतलं एक इथलं. खासगी थेरपी सेंटरमध्ये पैसे भरण्याआधी इथे एकदा जाऊन या.

निदानाच्या तारखेसाठी कधीकधी बरंच थांबावं लागतं. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करायला मात्र निदानाचा कागद लागत नाही. मूल बोलत नाही एवढं कारण पुरेसं आहे.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगायला हवं. शांत बसणारी, एकटी खेळणारी, दुसऱ्या मुलींची नक्कल करून निभावून नेणारी मुलगी 'लाजाळू' म्हणून सुटून जाते. शाळेतून आल्यावर रोज घरी तिचा बांध फुटत असेल, तर दिवसभर ती काय सोसते आहे ते शोधा.

मराठी सोडू नका

या शहरात हा सल्ला फार सर्रास मिळतो: 'घरी एकच भाषा ठेवा, हिंदी किंवा इंग्रजी, मुलाचा गोंधळ होतोय.' मग आई-बाबा मुलाशी हिंदीत बोलू लागतात, आपसांत मराठीत, आणि आजी-आजोबा गप्प होतात. दोन भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांचा अभ्यास झाला आहे. एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा ती दोन भाषांमुळे अधिक मागे पडतात, असं आढळलेलं नाही. उलट घरातली भाषा काढून घेतली तर घरातल्या गप्पा, चिडवणं, गोष्टी, रागावणं, लाड या सगळ्यांतून मूल बाहेर पडतं. बोलण्याची सर्वाधिक संधी त्याला जिथे मिळते, तीच जागा बंद होते.

जी भाषा तुम्ही विचार न करता, लाडाने आणि भरभर बोलता, तीच मुलाशी बोला. फक्त बोलण्याची तऱ्हा बदला:

- वाक्य लहान ठेवा आणि तीच गोष्ट रोज त्याच शब्दांत सांगा. 'बूट घाल' म्हणायचं ठरलं की 'चल, पायात घाल बघू ते' नको.
- 'हे काय आहे? सांग, काय आहे?' अशी परीक्षा घेऊ नका. मूल ज्याच्याकडे बघतंय त्याचं नाव घ्या आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा, त्याला उत्तरासाठी वेळ द्या.
- जाहिरातीतलं वाक्य किंवा तुमचाच प्रश्न ते जसाच्या तसा परत म्हणत असेल, तर टोकू नका. त्यातून ते काहीतरी सांगत असतं. 'दूध हवं का?' असं तेच म्हणत असेल तर त्याला दूध हवं आहे.
- शब्द येत नसतील तर चित्रं द्या. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत अ‍ॅप चित्रावर बोट ठेवलं की बोलतं, आणि ते मराठी-हिंदी दोन्हींत आहे. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती सोडून द्या. मागणं जमू लागलं की चिडचिड कमी होते, आणि बोलणं यायचं असेल तर त्याने ते अडत नाही.

आता शाळेचा भाग. तुमच्या मुलाचे शब्द हिंदी बोलणाऱ्या शिक्षिकेला कळतीलच असं नाही. ते 'नको नको' म्हणून मागे सरकतं, 'पुरे' म्हणतं, 'झालं' म्हणतं, आणि बाईंना वाटतं उगाच किरकिर करतंय. मुलाचे वीस-पंचवीस कामाचे शब्द आणि खुणा एका कागदावर लिहून समोर हिंदी अर्थ द्या: शू, शी, तहान, दुखतंय, नको, अजून, थांब, घरी. थेरपिस्टला आणि रिक्षावाल्या भैयांनाही त्याची प्रत द्या. हा एक कागद पहिल्या आठवड्यातले कितीतरी अश्रू वाचवतो.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर करायचा, रुग्णालय निवडायचं आणि बोलावलं की मुलाला घेऊन जायचं. मूल्यांकन 'इसा' नावाच्या भारतीय मोजपट्टीवर होतं. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत. गुण ७०च्या खाली असले तर स्वमग्नता धरत नाहीत.

मूल्यांकनाच्या दिवशी पालक एक चूक हटकून करतात: मुलाला चांगलं वागायला लावतात आणि विचारलेल्या प्रश्नाला 'हो, येतं की त्याला' असं सांगतात. नेहमी काय घडतं ते सांगा. घरी आणि बाजारात काढलेले दोन-तीन लहान व्हिडिओ, आधीचे थेरपीचे अहवाल आणि शाळेच्या डायरीतल्या नोंदी सोबत न्या. मध्य प्रदेशातल्या बहुतेक योजनांना समग्र आयडी, म्हणजे राज्याचा ओळख क्रमांक, लागतो. बदलीवर आलेल्या कुटुंबांनी तो आधी काढून घ्यावा, आणि आधार व समग्रवरचं नाव, जन्मतारीख जुळते का ते बघावं. लहान मुलांचं प्रमाणपत्र पुष्कळदा ठराविक मुदतीचं असतं, तेव्हा नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा.

हा कागद कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवता. त्यामुळे शिक्का बसेल या भीतीने तो टाळू नका. तो हातात असला की:

- दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे
- राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. त्यात थेरपीचा काही खर्च येतो आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. अर्ज न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत होतो
- जुनी करपद्धती निवडणाऱ्या पालकांना उत्पन्नातून ७५ हजार रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाखाची

राज्याच्या योजना सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. त्यांचे नियम आणि रकमा बदलत राहतात, तेव्हा तिथेच चौकशी करा.

शाळा निवडताना

'कोणती शाळा सगळ्यात चांगली?' या प्रश्नाला माझ्याकडे एका नावाचं उत्तर नाही. मोठं नाव, एसी वर्ग आणि पन्नास मुलांचा गोंगाट यापेक्षा कोलारमधली किंवा भेलच्या वसाहतीतली साधी शाळा, जिथे वर्गशिक्षिका तुमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेते, ती बरी. शाळा भरलेली असताना जा. प्रार्थनेच्या वेळी आवाज किती असतो, मधल्या सुट्टीत मुलं कुठे असतात, शौचालय वर्गापासून किती लांब आहे, फाटक उघडं राहतं का, हे बघा. विशेष शिक्षक आहेत का आणि ते आठवड्यातून किती वेळ येतात, तेही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्राथमिक वर्गांसाठी दहा आणि त्यापुढे पंधरा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. हे प्रमाण माहीत असलं की विचारताना संकोच वाटत नाही.

खासगी शाळांतल्या शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांसाठी मध्य प्रदेशात दिव्यांग मुलं 'वंचित समूहा'त येतात. अर्ज ऑनलाइन, निवड लॉटरीने. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायला शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना तो कायदा लागू नाही, पण २०१६चा कायदा सरकारी मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला बांधतो.

विशेष शाळेचा पर्याय कमीपणाचा मानू नका. दिग्दर्शिका, आरुषी यांसारख्या संस्था भोपाळमध्ये वर्षानुवर्षं दिव्यांग मुलांसोबत काम करत आहेत. काही मुलं आधी तिथे स्थिरावतात आणि मग साध्या शाळेत जातात. काहींना तिथेच बरं वाटतं.

शाळेत नेमकं काय मागायचं

'जरा लक्ष द्या' ही मागणी पूर्ण झाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. 'पहिल्या रांगेत, खिडकीपासून लांब बसवा' ही पूर्ण होते किंवा होत नाही. मागणी अशी ठेवा की दुसऱ्या दिवशी तपासता येईल. एका पानाचं पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा आणि तीन-चार गोष्टींवर थांबा. निवड करायला काही उदाहरणं:

- प्रार्थनेच्या वेळी माइकपासून लांब किंवा रांगेच्या शेवटी उभं राहायची मुभा. लागल्यास कानांवर हेडफोन
- दिवसाचं वेळापत्रक चित्रांत, बाकावर चिकटवलेलं. बदल असेल तर आदल्या दिवशी घरी निरोप
- फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद किंवा फळ्याचा फोटो
- वर्गाला दिलेली सूचना नंतर मुलाजवळ येऊन त्याच्या नावाने, एका वाक्यात
- असह्य झालं की बाहेर पडायचं लाल कार्ड आणि जाऊन बसायची ठरलेली शांत जागा
- मधल्या सुट्टीत एक-दोन समजूतदार सवंगडी, कारण छळ होतो तो तिथेच, बाईंच्या पाठीमागे

डोळ्यांत बघून बोलायचा आग्रह धरू नका, असंही पत्रात लिहा. मूल खाली बघत असतानाच नीट ऐकत असू शकतं. हात हलवणं, डोलणं यांतून ते स्वतःला सावरतं. त्याने कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवायचं नाही.

पत्राची प्रत काढून त्यावर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. महिन्याने भेट ठरवा. शिक्षिकेने काही केलं असेल तर तेही लिहून, मुख्याध्यापकांना प्रत देऊन आभार माना. चाळीस मुलांच्या वर्गात एवढं करणाऱ्या बाईंना तुमच्या पाठबळाची गरज असते.

शाळा 'नाही' म्हणाली तर

मुलाला सामावून घेणं, त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणं ही मान्यताप्राप्त शाळेची कायदेशीर जबाबदारी आहे. तिथे ४० टक्क्यांची अट नाही. पालकांनी स्वतः पगार देऊन शॅडो टीचर आणली तरच मूल ठेवू, ही अट कायद्यात कुठेही नाही. तुम्ही राजीखुशीने सोबतीण ठेवत असाल तर तिने वर्गात मुलाऐवजी काम करायचं नसतं. हळूहळू मागे सरकायचं, हे आधीच ठरवून घ्या. आठवीपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही. मारणं आणि मानसिक छळ यांवरही बंदी आहे.

तोंडी नकार आला तर त्याच दिवशी ईमेल करा: 'आज आपण असं म्हणालात, कृपया लेखी कळवा.' पुष्कळदा सूर इथेच बदलतो. नाही बदलला तर जिल्हा शिक्षण अधिकारी, नंतर राज्याचे दिव्यांगजन आयुक्त, ज्यांचं कार्यालय भोपाळमध्येच आहे. सरकारी यंत्रणा हलत नसेल तर १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे. दबावाखाली स्वतःहून शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज मात्र कधीच देऊ नका. तो दिला की काढून टाकल्याचं सिद्ध करणं कठीण जातं.

मूल कोसळतं तेव्हा

न्यू मार्केटच्या गर्दीत मूल जमिनीवर पडून ओरडतंय आणि भोवती माणसं जमली आहेत. हा हट्ट नसतो. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघत असतं आणि वस्तू मिळाली की थांबतं. कोसळलेल्या मुलाला थांबता येत नाही. त्या वेळी समजावू नका, प्रश्न विचारू नका. आवाज आणि उजेडापासून दूर न्या, डोकं आपटणार नाही एवढं बघा, शेजारी गप्प बसा. लोकांना 'ऑटिज़्म है, थोड़ी जगह दीजिए' एवढंच पुरतं.

शांत झाल्यावर वहीत तीन गोष्टी लिहा: वेळ, जागा, आणि त्याआधीच्या तासाभरात काय झालं. काही आठवड्यांत कारण दिसू लागतं: भूक, बद्धकोष्ठ, दात दुखणं, नवा गणवेश, शाळेतल्या बदली बाई. अचानक वागणं बिघडलं तर आधी दुखणं शोधा.

गणपतीचे ढोल, नवरात्रातल्या झाँक्या, दिवाळीचे फटाके वर्षातून एकदाच येतात, म्हणून त्यांची तयारी राहून जाते. आरतीला लवकर जा, दाराजवळ उभे राहा, निघायची खूण आधी ठरवा. नातेवाइकांना कळवा की मूल पाया पडलं नाही किंवा जवळ आलं नाही तर आग्रह नको.

पाणी आणि दार

या विषयावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा थांबून वाचा. अनेक स्वमग्न मुलं संधी मिळताच घराबाहेर निघून जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांना पाण्याची ओढ असते. आपलं शहर तलावांचं आहे. मोठा तलाव, छोटा तलाव, शाहपुरा, शिवाय कॉलनीतल्या उघड्या टाक्या आणि पावसाळ्यात भरून वाहणारे नाले.

- दाराला वरची कडी लावा आणि दार उघडताच वाजणारी घंटी
- मुलाच्या कपड्यात किंवा मनगटावर नाव, फोन आणि 'बोल नहीं पाता' असा मजकूर
- कॉलनीच्या गार्डला, किराणावाल्याला, समोरच्या घराला मुलाची ओळख करून द्या; ते एकटं दिसलं तर पाठलाग न करता सोबत चालायचं आणि तुम्हाला फोन करायचा
- बाहेर जाताना रोज एक फोटो, म्हणजे कपड्यांचा रंग आठवावा लागत नाही
- शक्य तितक्या लवकर पोहायला शिकवा

मूल दिसेनासं झालं तर घरात शोधत बसू नका. एकाने थेट जवळच्या पाण्याकडे धावायचं, दुसऱ्याने ११२ आणि १०९८ला फोन करायचा. कोण कुठे जाणार हे आजच ठरवा.

'बरं करून देतो' म्हणणारे

स्टेम सेल, शरीरातले धातू काढायचं चिलेशन, ऑक्सिजनच्या बंद पेटीत बसवणं, यांनी स्वमग्नता जात नाही आणि चिलेशनमध्ये जिवाला धोका आहे. स्टेम सेल उपचारांची स्वमग्नतेसाठी शिफारस नाही आणि त्यांचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२मध्येच सांगितलं आहे. घर गहाण टाकण्याआधी हे वाचा. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. तुम्हाला खोलीबाहेर बसवून आत काय चाललंय ते सांगत नाहीत, मुलाला रडवून 'सवय होईल' म्हणतात, अशी जागा सोडा.

परीक्षा आणि अठराव्या वर्षानंतर

सीबीएसईत स्वमग्न विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक आणि विषय निवडण्यात सवलतही मिळते. बहुतेक पालक दहावीच्या जानेवारीत जागे होतात. नववीत मंडळाकडे नोंदणी होते तेव्हाच प्रमाणपत्र शाळेकडे द्या आणि घटक चाचणीपासून लेखनिकाची सवय लावा. राज्य मंडळाच्या शाळेत असाल तर त्यांचं परिपत्रक शाळेकडून मागून घ्या. एका वेळी सगळे विषय झेपत नसतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, पाच वर्षांत थोडे थोडे विषय देता येतात.

अठरा पूर्ण झाले की आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत, आणि हे बऱ्याच जणांना बँकेच्या काउंटरवर कळतं. प्रत्येक स्वमग्न तरुणाला कायदेशीर पालक लागतोच असं नाही. जो स्वतःच्या पैशांचे, राहण्याचे निर्णय थोड्या मदतीने घेऊ शकतो, त्याच्या हातून ते काढून घेऊ नका. गरज असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. कागद सतराव्या वर्षीच जमवायला घ्या. आपल्यानंतर कोण, हे भावंडांशी मोकळेपणाने बोला आणि त्यांना नाही म्हणायची मुभा ठेवा.